फटाक्याची दारू उंबऱ्याच्या आत नको

सख्यांनो, गणपती उठले की गटाच्या बैठकीत दोन विषय हमखास निघतात. पहिला कर्जाचा. "दिवाळीला फटाक्याचा स्टॉल टाकायचाय, माल आत्ताच भरला तर स्वस्त पडतो, गट पैसे देईल का?" दुसरा कामाचा. "फटाक्याच्या पॅकिंगचं काम आलंय, घरी बसून करायचं, नगावर पैसे, घ्यावं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. औंध, खटाव, माण, आटपाडी हा आपला सगळा टापू कमी पावसाचा. शाळूचं पीक हाताशी आलं तर आलं, नाहीतर वर्षभर रोजगार शोधायचा. अशा वेळी सावलीत बसून करायचं काम मिळालं की कुठलीही बाई "हो" म्हणेल.

या लेखात कुणाला काम करू नका असं सांगायचं नाही. सांगायचं आहे ते एवढंच की या कामात जीव कशाने जातो आणि कशाने वाचतो. बऱ्याच जणींना वाटतं की जळती काडी लावली तरच फटाका उडतो. तसं नाही. आणि आणखी एक गोष्ट. अपघात झाला की आपण म्हणतो, "नशीब, दुसरं काय." पण झालेले अपघात नीट पाहिले तर नशिबाचा भाग थोडाच दिसतो. तीन साध्या गोष्टींचा हिशेब चुकलेला असतो: माल किती, माणसं किती, अंतर किती. हे तीन आकडे लक्षात ठेवा, लेखात ते पुन्हा पुन्हा येतील.

कुठे काय झालं

आपल्या शेजारचंच गाव घ्या. तासगाव तालुक्यातलं कवठेएकंद शोभेच्या दारूसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. दसऱ्याच्या रात्री ग्रामदैवत सिद्धराजाच्या पालखीपुढे तिथे रात्रभर आतषबाजी चालते. दारूकाम तिथल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आलंय. त्याच गावाजवळ मे २०१५ मध्ये फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामावरची अनेक माणसं गेली. जिथल्या लोकांना दारूची इतकी जाण आहे, तिथेही हे घडलं. म्हणजे "आम्ही लहानपणापासून करतोय, आम्हाला काय होतंय" हे म्हणणं पुरेसं नाही.

८ डिसेंबर २०२३. पिंपरी-चिंचवडमधलं तळवडे. वाढदिवसाच्या केकवर लावतात ना ती फुलबाजीसारखी तडतडणारी मेणबत्ती, ती बनवण्याचं काम एका विनापरवाना शेडमध्ये चालू होतं. आग लागली. त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला, पुढच्या दिवसांत हा आकडा वाढत गेला. गेलेल्यांमध्ये बहुतेक बायकाच होत्या. केकवरची मेणबत्ती म्हणजे आपल्याला खेळणंच वाटतं. पण तिच्या पोटात जे भरतात ती दारूच.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर २०२३ ला, नागपूरजवळच्या बाजारगाव इथे स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ जण गेले. त्यात सहा बायका होत्या. १३ जून २०२४ ला नागपूरजवळच धामणा इथे आणखी एका कारखान्यात स्फोट झाला. त्या दिवशी सहा जण गेले, त्यात पाच बायका.

आता यात सारखं काय आहे ते बघा. तळवड्याला परवाना नव्हता. नागपूरकडचे कारखाने खाणींना लागणारी स्फोटकं बनवणारे, परवाना असलेले. तरी दोन्हीकडे जीव गेले ते जास्त करून बायकांचे. कारण भरण्याचं, गुंडाळण्याचं, पॅकिंगचं हाताने करायचं काम बायकांकडे असतं. माल जिथे सगळ्यात जास्त साठतो आणि माणसं जिथे सगळ्यात जास्त बसतात, ती जागा पॅकिंगचीच. आणि धोक्याची माहिती सगळ्यात कमी दिली जाते तीही तिथेच. म्हणून हा विषय आपल्या अंकात हवा होता.

दारू पेटते कशी

चुलीतलं लाकूड पेटायला हवा लागते. म्हणून तर आपण फुंकणीने फुंकर घालतो. कढईतलं तेल पेटलं तर वर ताट झाकतो, हवा तुटते आणि जाळ विझतो.

दारूचं तसं नाही. दारूत कोळसा किंवा ॲल्युमिनियमची बारीक पावडर असते, ते झालं जळण. गंधक असतो, तो जाळ लवकर धरतो. आणि सोरा असतो. सोऱ्याचं काम जळणाला प्राणवायू पुरवायचं. म्हणजे दारू आपली हवा आपल्याबरोबरच घेऊन येते. तिच्यावर पोतं टाका, ताट झाका, ती आतल्या आत जळतच राहते. म्हणून पेटलेली दारू झाकून विझत नाही, हे पक्कं लक्षात ठेवायचं.

दुसरी गोष्ट कुकरची. कुकरची शिट्टी अडकली की आतली वाफ कोंडते आणि झाकण उडतं. चिमूटभर दारू उघड्यावर पेटली तर भुर्रकन जाळ होतो. तीच दारू कागदाच्या नळीत, पत्र्याच्या डब्यात घट्ट कोंडली की वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि बार होतो. ढीग मोठा असेल तर डबा नसला तरी चालतो, ढिगाचा वरचा थरच खालच्याला कोंडतो. म्हणून चिमूटभर दारूने बोट भाजतं आणि पोतंभर दारूने शेड उडतं. पेटण्याचं कारण एकच असतं, फरक मालाच्या वजनाचा असतो.

काडी नसताना ठिणगी येते कुठून

आपल्याकडे "आगीजवळ नेऊ नका" एवढंच सांगतात. पण बहुतेक अपघातांत तिथे काडी ओढलेली नसतेच. मग ठिणगी येते कुठून?

एक, रगडण्यातून. घट्ट दाबणं, ठोकणं, घासणं, डबा जमिनीवरून ओढणं, फरशीवर सांडलेल्या दारूवर पाय घासणं, या सगळ्यांतून उष्णता तयार होते. नळी भरताना दारू बसत नाही म्हणून जोरात ठोकायची सवय असते, ती सगळ्यात वाईट. न उडालेला फुसका फटाका फोडून त्यातली दारू परत काढणंही तसंच.

दोन, लोखंडातून. खिळ्याची चप्पल फरशीवर घासली, लोखंडी उलथनं, विळी, खिळा एकमेकांवर आपटला की ठिणगी उडते. म्हणून हत्यारं लाकडाची, पितळेची किंवा तांब्याची असतात. बायकांनी कामावर जाताना धातूच्या बांगड्या, कडी, पैंजण, जोडवी, केसांतल्या पिना, कमरेच्या किल्ल्या काढून ठेवायच्या. "सौभाग्याचं लेणं कसं काढू" असं मनात येईल. दोन-चार तास घरी डब्यात ठेवलं तर सौभाग्याला काही होत नाही.

तीन, अंगावरच्या कपड्यातून. थंडीत किंवा कोरड्या उन्हाळ्यात नायलॉनची साडी काढताना चटचट आवाज येतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. ही घर्षणाने साठलेली वीज. आपल्याला तिने काही होत नाही, पण बारीक दारूला, विशेषतः हवेत उडालेल्या पावडरीला, एवढी ठिणगी पुरते. म्हणून या कामाला सुती साडी किंवा सुती ड्रेस घालायचा. चांगल्या कारखान्यात दाराशी तांब्याचा पत्रा बसवलेला असतो, आत जाताना त्याला हात लावायचा म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. आपला खटाव-माणचा भाग कोरडा, त्यामुळे इथे हे जास्तच सांभाळावं लागतं.

चार, उन्हातून. पत्र्याचं शेड एप्रिल-मेमध्ये तव्यासारखं तापतं. अशा शेडमध्ये माल ठेवणं, उन्हात वाळत घातलेला माल गरम असतानाच गोळा करून ढीग लावणं, हे धोक्याचं.

पाच, ओलाव्यातून. हे ऐकून नवल वाटेल. ॲल्युमिनियमची पावडर घातलेलं मिश्रण ओलं राहिलं आणि ढीग करून ठेवलं, तर ते आतून हळूहळू तापतं. ओला कडबा रचला की गंजी आतून वाफाळते, तसंच. म्हणून भिजलेला माल "वाळला की वापरू" म्हणून कोपऱ्यात ठेवायचा नसतो, तो बाजूला काढून जाणत्या माणसाकडून नष्ट करायचा.

सहा, मोबाईल, चार्जर, पंख्याचं बटण, उघडी वायर. कामाच्या जागी मोबाईल बाहेरच ठेवायचा.

आणि एक मिश्रण तर कायद्यानेच बंद आहे. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या फटाक्यांवर देशात १९९२ पासून बंदी आहे, कारण ते मिश्रण नुसतं घासल्यानेही पेट घेतं. कुणी हे काम देत असेल तर पैसे कितीही मिळोत, सरळ नाही म्हणायचं.

कामाच्या जागी काय बघायचं

आता आपले तीन आकडे.

माल किती? तुमच्या हाताशी तेवढाच माल असावा जेवढा लगेच लागणार आहे. तयार झालेला माल लगेच तिथून उचलला पाहिजे. दिवसभराचा माल संध्याकाळपर्यंत मांडीशी साठत असेल तर ती जागा वाईट.

माणसं किती? फटाक्याच्या कामात एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं नकोत असा दंडक आहे. वीस-पंचवीस जणी गोल करून एका शेडमध्ये बसल्या असतील, तर एकीच्या हातून चूक झाली की सगळ्यांचा जीव जातो. गप्पा मारत काम करायला बरं वाटतं, खरं आहे. पण या कामात एकटीदुकटीने बसणंच चांगलं.

अंतर किती? दारू कालवायची खोली, भरायची खोली, वाळवायची जागा, पॅकिंग आणि गोदाम, हे सगळं वेगवेगळं आणि एकमेकांपासून लांब हवं. एक खोली उडाली तरी दुसरीला आच लागू नये, हा त्यामागचा विचार. एकाच शेडमध्ये पडदा लावून चार कामं चालत असतील तर ते अंतर नव्हे.

याशिवाय दार बघायचं. प्रत्येक खोलीला एकाहून जास्त दारं हवीत, ती बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत आणि काम चालू असताना त्यांना कडी-कुलूप नको. दारात खोकी रचलेली नकोत. शेडला एकच दार आणि तेही मालाने अडवलेलं असलं, तर आग लागल्यावर बायका आतच अडकतात. कामाला बसताना पहिल्या दिवशीच डोळ्यांनी मोजून घ्या, आपल्या जागेपासून दार किती पावलांवर आहे.

फरशी रोज ओल्या फडक्याने पुसलेली हवी. झाडलेली दारू कचऱ्यात टाकायची नाही, पाण्याच्या बादलीत टाकायची, आणि तिची विल्हेवाट रोजच्या रोज लावायची. पण जिथे ॲल्युमिनियमची पावडर आहे तिथे पाणी चालत नाही, ती कोरडी, वेगळ्या भांड्यात गोळा करायची. कुठल्या खोलीत काय चालतं ते मुकादमाने सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर विचारायचं.

लेकरांना बरोबर न्यायचं नाही. अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामाला लावणं गुन्हा आहे. "पोरगी शाळेतून आली की जरा हात लावते" हे पॅकिंगच्या बाबतीत अजिबात चालणार नाही.

आणि शेवटचं, जे कुणी सांगत नाही. काम संपल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी यायचं. दारूची बारीक पूड पदरात, ओच्यात, केसांत बसते. तोच पदर खोचून आपण घरी येतो आणि थेट चुलीपुढे बसतो. कामाची साडी वेगळी ठेवा, घरी आल्यावर ती पाण्यात टाका, मगच स्वयंपाकाला लागा. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे ते वेगळंच, कारण ही रसायनं पोटात जाणंही बरं नाही.

साठवण: घरातला माल घर घेऊन जातो

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ ला एका जहाजाला आग लागली. फोर्ट स्टिकीन त्याचं नाव. महायुद्धाचा काळ. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. आग आधी धुमसली, मग स्फोटकांपर्यंत पोचली आणि दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान त्यात होते. त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

ऐंशी वर्षांपूर्वीची मुंबईची गोष्ट इथे का सांगायची? कारण चूक साधी होती. स्फोटकांच्या शेजारी पेटणारी वस्तू ठेवली. आपल्या घरात काय असतं? माळ्यावर फटाक्याची खोकी, खाली देव्हाऱ्यात निरांजन आणि उदबत्ती. भिंतीला लागून गॅसची टाकी. मागच्या दारी कडब्याची गंजी, शेणी, सरपण. कोपऱ्यात मिसरी भाजायचा तवा. पंप चालवायचं डिझेल. जहाजात कापूस होता, आपल्याकडे कडबा आहे, एवढाच फरक.

म्हणून नियम एकच: दारू, फटाके, कच्चा माल, काहीही राहत्या घरात ठेवायचं नाही. दुकानाच्या वर किंवा मागे माणसं राहत असतील तिथेही नाही. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे" असं म्हणून ठेवलेल्या मालाला दिवसांची पर्वा नसते.

दिवाळीच्या स्टॉलसाठी सरकारचे नियम स्पष्ट आहेत. तात्पुरता परवाना लागतो, त्याची चौकशी तहसील कार्यालयात करायची. स्टॉल न पेटणाऱ्या साहित्याचा हवा, म्हणजे कापडी मांडव किंवा बांबू-ताडपत्री नको. दोन स्टॉलमध्ये निदान ३ मीटर, म्हणजे दहा फूट, अंतर हवं. घरं, शाळा, दवाखाना यांपासून ५० मीटर लांब. स्टॉल समोरासमोर तोंड करून नसावेत. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त स्टॉल नकोत. आत कंदील, गॅसबत्ती, समई असं काही पेटतं नको, विजेचा दिवा लावला तर तो भिंतीला किंवा छताला पक्का हवा, लोंबती वायर नको. स्टॉलच्या ५० मीटरच्या आत कुणाला फटाके उडवून बघू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, "एक लावून दाखवा." हसून नाही म्हणायचं. आणि लक्ष्मीपूजन करायचं असेल तर ते घरी, स्टॉलवर निरांजन ओवाळायची नाही.

आपल्या भागात आणखी एक साठवण होते ती विहिरीच्या सुरुंगाची. खडक फोडायला तोटे आणि केपा आणतात. काम एका दिवसात संपलं नाही तर ठेकेदार म्हणतो, "वहिनी, ही पिशवी राहू द्या घरात, उद्या लागंल." नाही ठेवायची. हे काम परवाना असलेल्या माणसानेच करायचं असतं, आणि उरलेला माल त्यानेच परत न्यायचा असतो. केप आणि तोटा तर एकत्र कधीच ठेवत नाहीत, कारण तोटा उडवायचं काम केपच करते. केप दिसायला बारीक चकचकीत नळी. पोरांना ती खेळणं वाटते, दगडाने ठेचली की बोटं जातात. विहिरीच्या कडेला, खाणीत, रस्त्याच्या कामावर अशी नळी सापडली तर हात लावू नका, तिथे माणूस उभा करून पोलीस पाटलांना कळवा.

हो म्हणण्याआधी पाच प्रश्न

काम देणाऱ्याला किंवा कर्ज मागणाऱ्या सखीला हे प्रश्न विचारायचे. विचारण्यात भीड नको.

पहिला, परवाना कुठाय? फटाके बनवण्यासाठी, एका वेळी १५ किलोपर्यंतच्या छोट्या कामालाही, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. त्यापुढचा परवाना पेसो ही केंद्र सरकारची संस्था देते, तिचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. परवान्यावर जागेचा पत्ता आणि मालाचं वजन लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. ज्याचा परवाना दुसऱ्या गावातल्या जागेचा आहे, त्याला तुमच्या घरी काम देता येत नाही. म्हणून "घरी बसून फटाक्याचं काम" हे जवळजवळ नेहमीच बेकायदा असतं. ज्या कामात दारूला हातच लागत नाही, जसं की रिकाम्या कागदी नळ्या गुंडाळणं किंवा खोकी बनवणं, ते वेगळं. ते घरी करायला हरकत नाही.

दुसरा, एका खोलीत किती जणी बसणार?

तिसरा, कामाआधी शिकवणार कोण आणि किती दिवस?

चौथा, हजेरीपटावर नाव लागणार का? हा प्रश्न फार मोलाचा. कामावर अपघात झाला तर भरपाई देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, १९२३ पासून ही तरतूद चालत आलीय. रोजंदारीवरच्या बाईलाही ती मिळते. पण आपण तिथे कामाला होतो हे दाखवावं लागतं. हजेरी नसेल तर मालक म्हणतो, "ही तर त्या दिवशी सहज आली होती." म्हणून पगाराची चिठ्ठी, मोबाईलवर आलेले पैसे, कामाचे तास लिहिलेली वही, काहीतरी पुरावा जपून ठेवा, आणि कुठे कामाला जाता ते घरात आणि गटात सांगून ठेवा.

पाचवा, विमा आहे का? मालकाचा असो नसो, आपला असावाच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये जातात, वय १८ ते ७० पाहिजे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख. गटातल्या किती जणींनी अर्ज भरलाय ते याच बैठकीत मोजा.

आणि तरी आग लागली तर

दारूला जाळ लागलाय असं दिसलं की विझवायला थांबायचं नाही. पळायचं. चप्पल, पर्स, डबा, मोबाईल काही घ्यायचं नाही. "आग!" असं ओरडत बाहेर पडायचं आणि लांब, एखाद्या पक्क्या भिंतीच्या किंवा बांधाच्या आड जायचं. बघायला जवळ उभं राहायचं नाही, कारण पहिल्या बारानंतर दुसरा येतो. मुंबईच्या गोदीतही दोन झाले होते. आपल्या गावात अग्निशमन गाडी यायला वेळ लागतो, म्हणून १०१ किंवा ११२ ला लगेच फोन करा आणि आत कुठला माल आहे ते सांगा.

अंगावरची साडी पेटली तर पळायचं नाही, पळाल्याने जाळ वाढतो. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं. दुसरीने जाड सुती चादर किंवा घोंगडं लपेटून जाळ विझवायचा. अंगावरच्या कापडाचा जाळ झाकल्याने विझतो, दारूचा विझत नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

भाजलं तर सगळ्यात आधी साधं वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, कोरफड काहीही लावायचं नाही, त्याने उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. स्वच्छ सुती कपड्याने सैल झाका आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. चेहरा किंवा मान भाजली असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर बाई बोलत असली तरी वेळ दवडू नका, तिचा श्वास कधीही अडकू शकतो.

गटाने ठरवायचं ते

सख्यांनो, कर्ज देणं किंवा नाकारणं हा तुमच्या गटाचा अधिकार. आमची विनंती एवढीच की फटाक्यांसाठी कर्ज द्यायचं असेल तर ठरावात तीन ओळी घाला: परवाना बघितल्याशिवाय पैसे नाहीत, माल कुणाच्याही घरात राहणार नाही, आणि उरलेला माल दिवाळीनंतर परवानाधारक दुकानदाराला परत जाईल हे आधीच ठरलेलं असेल. हे जमत नसेल तर तेच पैसे फराळ, उटणं, पणत्या, आकाशकंदील यांत घाला. नफा कदाचित कमी असेल. पण पणत्यांचं टोपलं पलंगाखाली ठेवून रात्री निवांत झोपता येतं.

ज्या सख्या आज अशा कामावर आहेत, त्यांनी उद्या जाऊन फक्त तीन गोष्टी मोजाव्यात. माझ्या मांडीशी माल किती? माझ्या खोलीत माणसं किती? माझ्यापासून दार किती पावलांवर? आकडे वहीत लिहा आणि गटात आणा. एकटीने मुकादमाला विचारलं तर तो "उद्यापासून येऊ नको" म्हणेल. दहा जणींनी मिळून विचारलं, आणि त्यांच्यामागे ग्रामसंघ उभा राहिला, तर त्याला ऐकावं लागेल. गट आपण बचतीसाठी केला, पण तो याच्यासाठीही आहे.

हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या सख्यांना शेवटचे तीन प्रश्न पाठ करून घ्या.